ओडिनचे नवे उपासक

शाळेच्या वेळापत्रकांत, बँकेच्या पुस्तकांत आणि भिंतीवरच्या कॅलेंडरांत ट्यूज्डे, वेन्सडे, थर्सडे व फ्रायडे हीं नांवें सुशिक्षित घरांतून नित्य वाचलीं जातात. तीं चार देवतांचीं नांवें आहेत, हें मात्र क्वचितच कोणाच्या ध्यानांत येतें. एका हातास मुकलेला टिर, एक डोळा देऊन ज्ञान मिळविणारा ओडिन, हातोडा फेंकून मेघगर्जना करणारा थॉर आणि ओडिनची पत्नी फ्रिग ह्या उत्तर युरोपांतील जुन्या देवता होत. इंद्राचें वज्र ज्यांना ठाऊक आहे त्यांना थॉरचा हातोडा अगदींच परका वाटणार नाहीं. ह्या देवांचीं देवळें गेलीं, पुजारी गेले, यज्ञ थांबले. वारांचीं नांवें तेवढीं उरलीं. सुमारें हजार वर्षें विझून राहिलेली अशी उपासना पुन्हां चेतवितां येते काय, आणि येत असल्यास कोणत्या अधिकारानें, हा प्रश्न विसाव्या शतकांत केवळ पुस्तकी राहिला नाहीं; तो प्रत्यक्ष व्यवहारांत उभा राहिला.

ही उपासना कशी थांबली, तें आइसलंडच्या इतिहासांत स्पष्ट दिसतें. नवव्या शतकाच्या उत्तरार्धांत नॉर्वेकडून आलेल्या लोकांनीं ह्या बेटावर वसाहत केली. त्यांना राजा नव्हता. ९३० च्या सुमारास स्थापन झालेल्या 'आल्थिंग' नांवाच्या लोकसभेंत दर उन्हाळ्यांत कायदा सांगितला जाई आणि तंटे तोडले जात. इ. स. १००० च्या सुमारास ख्रिस्ती झालेले लोक व जुन्या देवांचे भक्त असे दोन तट पडून यादवीचा प्रसंग आला. तेव्हां निवाडा सभेचा कायदेपंडित थोरगेइर ह्याजवर सोंपविण्यांत आला. तो स्वतः जुन्या देवांना मानणारा होता. एक दिवस व एक रात्र तो अंगावर पांघरूण घेऊन निःशब्द पडून राहिला. उठल्यावर त्यानें सांगितलें कीं, कायदा दुभंगला तर शांतताहि दुभंगेल. यास्तव सर्वांनीं ख्रिस्ती व्हावें. जुने यज्ञ घरांत गुप्तपणें करण्यास मुभा राहिली. साक्षीदार निघाला तर मात्र शिक्षा ठरली. थोड्याच वर्षांत हीहि सवलत काढून घेण्यांत आली.

देव गेले, परंतु कथा राहिल्या. १२२० च्या सुमारास स्नोरी स्टुर्लुसन ह्या आइसलंडच्या विद्वान सरदारानें 'एड्डा' हा गद्यग्रंथ लिहिला. तो ख्रिस्ती होता. तरुण कवींना जुन्या काव्यांतील रूपकें कळावीं, हा त्याचा एक प्रमुख हेतु होता. १२७० च्या सुमारास कोणा अज्ञात लेखकानें देवांविषयींचीं व वीरांविषयींचीं प्राचीन काव्यें एका पोथींत उतरून घेतलीं. ती पोथी १६४३ सालीं एका बिशपच्या हातीं आली, १६६२ सालीं डेन्मार्कच्या राजाकडे गेली आणि १९७१ सालीं समुद्रमार्गें आइसलंडला परत आली. तिच्या स्वागतास बंदरावर लोकांची मोठी गर्दी लोटली होती. मात्र ह्या ग्रंथांत देवांच्या कथा असल्या तरी पूजेचा विधि जवळजवळ नाहीं. महाभारत शिल्लक राहावें आणि गृह्यसूत्रें नष्ट व्हावीं, तशी ही स्थिति आहे. शिवाय जें हातीं आहे तें ख्रिस्ती लेखकांनीं जपलेलें आहे.

रून नांवाच्या लिपीचेंहि असेंच आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकापासून तिचे लेख निश्चितपणें सांपडतात. आरंभीं तींत २४ अक्षरें होतीं; व्हायकिंगांच्या काळांत तीं १६ च राहिलीं. लांकडावर व हाडावर कोरण्यास सोयीचीं, म्हणून बहुतेक अक्षरें सरळ रेघांचीं आहेत. ओडिननें नऊ रात्रीं वृक्षाला टांगून घेऊन तीं मिळविलीं, अशी कथा आहे, आणि कांहीं लेख मंत्रतंत्राचे आहेत ह्यांतहि संशय नाहीं. तथापि नॉर्वेंतील बर्गेन शहरीं १९५५ सालीं आग लागल्यानंतर जें उत्खनन झालें, त्यांत सहाशेंहून अधिक रूनलेख मिळाले. ते मध्ययुगांतील, म्हणजे ख्रिस्ती अमलांतील आहेत. त्यांत मालावर बांधलेल्या मालकाच्या नांवाच्या चिठ्ठ्या आहेत, व्यापाऱ्यांचीं पत्रें आहेत, प्रार्थना व थट्टाहि आहेत. एका काठीवर तर कोणा गिडानें पाठविलेला, घरीं परत यावें, असा निरोप आहे. सारांश, रून ही प्रथम लिपि होती. जादू हा तिचा एक उपयोग होता. पुढें मात्र तिच्याविषयींची भीति वाढली. १६२५ सालीं आइसलंडमध्यें योन रोग्नवाल्डसन ह्यास चेटकाच्या आरोपावरून जाळण्यांत आलें. त्याच्याविरुद्ध पुरावा होता तो रून लिहिलेल्या कागदांचा.

पुनरुज्जीवनाचा पहिला जोरदार प्रयत्न ह्या बेटावर झाला नाहीं. तो मध्य युरोपांत झाला. व्हिएन्ना येथील ग्विडो फॉन लिस्ट ह्या लेखकाच्या डोळ्यांवर १९०२ सालीं मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आणि कित्येक महिने तो अंध होता. त्या अंधारांत आपणांस १८ रूनांचें रहस्य दिसलें, असें त्यानें सांगितलें व १९०८ सालीं तें ग्रंथरूपानें मांडलें. ही १८ अक्षरांची माला कोणत्याहि प्राचीन शिलालेखांत आढळत नाहीं. परंतु लिस्टनें ती जर्मन वंशाच्या गुप्त पुरोहितांची परंपरा म्हणून सांगितली आणि तिला वंशशुद्धीच्या विचाराची जोड दिली. ज्या अक्षराचें जुनें नांव 'सूर्य' ह्या अर्थाचें होतें, त्याला त्यानें 'विजय' हें नांव दिलें. तेंच अक्षर दोनदां लिहून पुढें हिटलरच्या एस्. एस्. दलाचें चिन्ह झालें. संस्कृतांतील 'आर्य' हा शब्दहि त्याच वावटळींत सांपडला. १९४५ नंतर ओडिनचें नांव घेणाऱ्याकडे युरोपांत संशयानें पाहण्यांत येऊं लागलें, ह्यांत नवल नाहीं.

अशा स्थितींत १९७२ सालीं आइसलंडमध्यें उन्हाळ्याच्या पहिल्या दिवशीं मूठभर लोकांनीं जुन्या देवांच्या उपासकांची संस्था स्थापन केली. तिचा प्रमुख स्वेनब्यॉर्न बेइन्टेइन्सन हा मेंढ्या पाळणारा शेतकरी व कवि होता. जुन्या छंदांवर त्यानें ग्रंथ लिहिला होता, आणि पारंपरिक काव्यें गाऊन दाखविण्यांत त्याची ख्याति होती. आइसलंडच्या बिशपनें ह्या उपक्रमास जाहीर विरोध केला. तथापि १८७४ च्या घटनेपासून तेथें धर्मस्वातंत्र्य होतें; १९७३ सालीं सरकारनें संस्थेस मान्यता दिली व तिच्या पुरोहितांस विवाह लावण्याचा अधिकार मिळाला. त्याच वर्षीं उघड्यावर पहिला जाहीर विधि झाला. त्यांत एड्डांतील काव्यांचें पठण होतें, पेयाचें शिंग हातोहात फिरतें, मग सहभोजन होतें. पशुबलि दिला जात नाहीं. १९९३ सालीं स्वेनब्यॉर्न वारला. २००३ पासून संगीतकार हिल्मार ओर्न हिल्मार्सन हे प्रमुख आहेत. सभासद पांच हजारांवर गेले. राजधानी रेक्याविक येथें २०१५ सालीं मंदिराचें काम सुरू झालें, पण तें बरेंच रेंगाळलें.

आपल्या हातीं अखंड परंपरा आहे, असा दावा ही संस्था करीत नाहीं. कथा या शब्दशः खऱ्या मानाव्यात असेंहि ती सांगत नाहीं; त्यांत निसर्गाच्या व मानवी मनाच्या शक्तींचीं रूपकें आहेत, असें हिल्मार्सन सांगतात. परदेशांत मात्र दोन तट आहेत. अमेरिकेंत कांहीं मंडळींनीं ही उपासना गोऱ्या वंशापुरतीच राखूं पाहिली; २०१६ सालीं अनेक देशांतील उपासकसंघांनीं जाहीर पत्रक काढून अशा संघाशीं संबंध तोडले. आइसलंडच्या संस्थेनें समलिंगी विवाह लावण्याची तयारी दाखविली, तेव्हां तिलाहि परदेशांतून द्वेषपूर्ण पत्रें आलीं. इकडे बाजारांत भविष्य सांगणारे रूनांचे खडे विकले जातात. त्यांत एक कोरा खडा असतो. तो १९८२ सालच्या एका अमेरिकन पुस्तकानें रूढ केला. प्राचीन काळीं तो नव्हता.

आइसलंडच्या एका जुन्या कथेंत एगिल नांवाचा वीर एका शेतकऱ्याच्या घरीं उतरतो. मुलगी फार दिवस आजारी असते. बिछान्याखालीं त्यास देवमाशाचें हाड मिळतें. तिच्यावर प्रेम करणाऱ्या एका तरुणानें वशीकरणासाठीं त्यावर रून कोरलेले असतात. पण विद्या अपुरी, म्हणून प्रेमाऐवजीं रोग जडतो. एगिल तीं अक्षरें खरवडून जाळतो व नवीं कोरतो. मुलगी बरी होते. तुटलेली परंपरा जोडूं पाहणाऱ्या प्रत्येक समाजानें ही कथा ध्यानांत ठेवावी. जुनें काय व आपण नवें काय घातलें, हें जो उघडपणें सांगतो त्याच्या हातून उपासना घडूं शकते. जो स्वतःची कल्पना पूर्वजांच्या नांवावर खपवितो, त्याच्या हातून त्या तरुणाप्रमाणें रोगच कोरला जातो, आणि तो इतरांना भोगावा लागतो.