अण्णाभाऊंची दुसरी शाळा

अण्णाभाऊ साठे यांची दीड दिवसाची शाळा सर्वांच्या तोंडी आहे; त्यांची दुसरी शाळा मात्र आपण विसरतो. ती म्हणजे तमाशाचा फड. १९२० साली वाटेगावी जन्मलेले अण्णाभाऊ बालपणीच आईबापांसह पायी मुंबईस आले, गिरणीत राबले आणि डफ-ढोलकीच्या संगतीत शाहीर झाले. १९४४ साली अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. गणात देवाऐवजी मायभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन केले, गवळण गाळली आणि 'अकलेची गोष्ट'सारख्या वगांतून कष्टकऱ्यांचे दुःख बोर्डावर आणले.

स्वातंत्र्यानंतर सरकारने कलापथकावर बंदी घातली. पण निरक्षर श्रोत्याला खिळवून ठेवण्याची विद्या कोण हिरावून घेणार? १९५९ची 'फकिरा' मला म्हणूनच वाचण्यापेक्षा ऐकावीशी वाटते. तिच्या वाक्यांना समोरच्या गर्दीचे भान आहे. १९६१ साली तिला राज्य शासनाचे पारितोषिक लाभले. जेसल पार्कच्या खाडीकाठी सायंकाळी टेकणारी, पोटासाठी गाव सोडून आलेली माणसे पाहिली की वाटते, अण्णाभाऊंचा खरा प्रेक्षक अजून उठून गेलेला नाही. फक्त समोरचा फड तेवढा मोडला आहे.