बिचिरच्या अंड्यांचा शोध

इ. स. १७९८ मध्यें नेपोलियन इजिप्तवर चालून गेला, तेव्हां त्याच्या फौजेबरोबर विद्वानांचाहि एक मोठा ताफा होता. त्यांतील जॉफ्र्वा सेंतिलेर या तरुण प्राणिशास्त्रज्ञाला नाईल नदींतला एक विलक्षण मासा मिळाला. अंग लांबट, त्यावर चिलखतासारखे कठीण, चकचकीत खवले. आणि पाठीवर सलग पराऐवजीं ओळीनें उभारलेलीं जणुं लहान लहान निशाणें! १८०२ सालीं त्यानें या माशाचें वर्णन प्रसिद्ध केलें व त्याला ‘पॉलिप्टेरस’, म्हणजे बहुपक्ष, असें नांव दिलें. ‘बिचिर’ हें त्याचें प्रचलित नांव. इजिप्तच्या स्वारींतून एवढा एकच मासा हातीं आला असता, तरी ती सार्थकीं लागली असती, असा अभिप्राय थोर शास्त्रज्ञ कूव्हिये यानें दिल्याचें सांगतात.

या कौतुकाला कारण होतें. बिचिरला कल्ले आहेत, तशींच दोन फुप्फुसेंहि आहेत. आणि तीं माणसाच्या फुप्फुसांप्रमाणें घशाच्या खालच्या बाजूनें फुटलेलीं आहेत. आफ्रिकेंतील दलदलींत पाण्यांतला प्राणवायु कमी पडला, कीं हा मासा पृष्ठभागाशीं येऊन हवा घेतो. त्याच्या छातीच्या परांना मांसल बुंधा असतो, आणि पिलांना बेडकाच्या कोवळ्या पिलांप्रमाणें बाहेर लोंबणारे पिसांसारखे कल्ले असतात. १८६१ मध्यें हक्स्लेनें त्याची गणना मांसल परांच्या पुरातन माशांत केली. मग साहजिकच प्रश्न उठला: पाण्यांतून जमिनीवर आलेल्या चतुष्पादांचा पूर्वज तो हाच काय? अंड्यांतील गर्भाची वाढ पाहिली, कीं वंशाचा इतिहास उलगडतो, अशी त्या काळच्या शास्त्रज्ञांची दृढ श्रद्धा होती. परंतु बिचिरचीं अंडीं कोणीं पाहिलींच नव्हतीं.

तीं मिळविण्यासाठीं अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ नेथन हॅरिंग्टन नाईलच्या खोऱ्यांत गेला. १८९९ मध्यें तो सुदानांतच मरण पावला. केंब्रिजचा जॉन सॅम्युएल बजेट याच ध्येयानें झपाटला होता. तो दोनदां गँबियाला गेला, १९०२ मध्यें युगांडाला गेला. तिन्ही वेळां हात रिकामेच राहिले. १९०३ मध्यें नायजर नदीच्या मुखाकडील प्रदेशांत चौथ्या खेपेस त्याला पिकलेलीं अंडीं लाभलीं. त्यानें तीं स्वतः फलित केलीं आणि वाढत्या गर्भांचीं चित्रें काढलीं. परंतु त्या पाणथळ प्रदेशानें आपलें मोल घेतलें. हिवतापानें पोखरलेला बजेट मायदेशीं परतला आणि जानेवारी १९०४ मध्यें, वयाच्या अवघ्या ३१व्या वर्षीं, मृत्यु पावला. त्यानें आणलेल्या सामग्रीचा अभ्यास त्याचा मित्र ग्रॅहम कर यानें पुरा केला. १९०७ मध्यें बजेटच्या कार्याचा स्मृतिग्रंथ निघाला.

आणि ज्या प्रश्नासाठीं हे प्राण वेंचले गेले, त्याचें उत्तर काय मिळालें? बिचिर चतुष्पादांचा पूर्वज नव्हे! १९२८ मध्यें गुडरिचनें त्याचें नातें सामान्य, काटेरी परांच्या माशांशीं असल्याचें साधार दाखविलें. पुढें जनुकांच्या अभ्यासानेंहि तेंच सिद्ध झालें. त्या विस्तीर्ण वंशवृक्षाच्या बुडाशींच फुटलेली ही एक प्राचीन शाखा आहे.

मग सारे श्रम व्यर्थ गेले काय? मुळींच नाहीं. बिचिर आपला पूर्वज नसतांहि त्याला आपल्यासारखीं फुप्फुसें आहेत, यावरून त्याच्या व आपल्या सामायिक पूर्वजालाहि तीं होतीं, असें ठरतें. म्हणजे फुप्फुसें जमिनीवर आल्यावर उद्भवलीं नाहींत. तीं पाण्यांतच, कोट्यवधि वर्षें आधीं निर्माण झालीं. बहुतेक माशांच्या पोटांतील हवेची पिशवी हें त्यांचेंच पुढचें रूपांतर होय. २०१४ मध्यें कॅनडांत शास्त्रज्ञांनीं बिचिरचीं पिलें सुमारें आठ महिने जमिनीवर वाढविलीं, तेव्हां त्यांची चाल सुधारली आणि हाडांची घडणहि बदलली.

बजेटला पूर्वज सांपडला नाहीं. परंतु ज्या माशासाठीं त्यानें प्राण दिले, तो आजहि शास्त्रज्ञांना नवे प्रश्न घालीत आहे.