देवीचे रान

मुळशी, मावळ, वेल्हे या पुण्यालगतच्या डोंगरांत जी जुनी झाडी उरली आहे, तिचा बराचसा वाटा देवरायांत आहे. काळकाई, वाघजाई अशा ग्रामदैवतांच्या नावाने राखलेल्या या रानांतील वाळकी काटकी उचलण्यासही गाव कचरत असे. आपणा ख्रिस्ती वाचकांना ही भीती परकी वाटेल. भोळी म्हणून ती सोडून देण्याचा मोहही होईल.

१९७०च्या दशकारंभी पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतील (आजची आघारकर संशोधन संस्था) वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि हार्वर्डहून परतलेले तरुण माधव गाडगीळ यांनी अशा राया हिंडून पाहिल्या. त्याच सुमारास कोकणातील श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी या खेड्याने त्यांच्याकडे साकडे घातले. तेथील काळकाईच्या राईवर सरकारी तोड येऊ घातली होती. देवीचा कोप होईल, एवढेच गाऱ्हाणे असेल असे शहरी माणसाला वाटावे. परंतु गावकऱ्यांना चिंता होती ती पाण्याची. त्यांचा ओढा त्याच रानात उगम पावत होता. भोळ्या म्हटल्या जाणाऱ्या श्रद्धेच्या पोटी असा रोखठोक हिशेब होता! रदबदली झाली आणि राई वाचली.

१९७६ साली या दोघांचा देवरायांवरील निबंध ‘इकॉनॉमिक बॉटनी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि खेड्यांची ही राखण जगातील अभ्यासकांना ठाऊक झाली.

पुढे मात्र कित्येक गावांत उघड्यावरच्या देवीला सिमेंटचे देऊळ हवेसे वाटले, आणि त्याच्या खर्चासाठी तिच्याच राईतले वृक्ष विकले गेले.