कॉर्कच्या चकत्या : जुन्या मोटारसायकलींच्या क्लच-दुरुस्तीचा इतिहास

विसाव्या शतकाच्या आरंभी रस्त्यावर आलेल्या बहुतेक मोटारसायकलींना क्लच नव्हता. इंजिनाच्या कप्पीवरून निघालेला पट्टा थेट मागच्या चाकावर जात असल्याने चाक थांबले की इंजिनही बंद पडे, आणि स्वाराला गाडी ढकलत धावत जाऊन, इंजिन सुरू होताच खोगिरावर उडी घ्यावी लागे. इंजिन चालू ठेवून चाकाशी असलेला त्याचा संबंध हवा तेव्हा तोडणारी आणि पुन्हा हळूहळू जोडणारी यंत्रणा म्हणजे क्लच. ब्रिटनमधील ट्रायम्फ कंपनीने १९११ च्या सुमारास मागच्या चाकाच्या हबमध्ये अनेक चकत्यांचा असा क्लच बसवला. पुढे पहिल्या महायुद्धात सैन्याच्या निरोप्यांना पुरवलेल्या तिच्या ‘मॉडेल एच’ला स्वतंत्र गिअरपेटी आणि तिच्या जोडीचा क्लच मिळाला, आणि पुढील अर्धशतकातील मोटारसायकलीची रचना साधारण याच वाटेने गेली.

या क्लचचे तत्त्व साधे असले तरी त्याच्या झिजेचे प्रकार अनेक आहेत. इंजिनाकडून साखळीने फिरणाऱ्या एका कड असलेल्या डब्यात, ज्याला बास्केट म्हणतात, घर्षणाच्या आणि पोलादाच्या चकत्या आलटूनपालटून रचलेल्या असतात. घर्षणाच्या चकत्यांचे बाहेरचे दात बास्केटच्या खाचांत, तर पोलादी चकत्यांचे आतले दात गिअरपेटीच्या दांड्यावर बसवलेल्या हबवर अडकतात, आणि वरच्या प्रेशर प्लेटमागील स्प्रिंगा हा सगळा थर दाबून धरतात. हँडलवरील लिव्हर ओढले की वायरीच्या टोकाशी असलेली यंत्रणा एका लांब सळईद्वारे प्रेशर प्लेट उचलते, थर सैल पडतो आणि दोन्ही संच एकमेकांपासून मोकळे फिरू लागतात. वायर ताणते, सळईचे टोक घासते, स्प्रिंग बसते, चकती पातळ होते, तापून वाकडी होते, आणि बास्केटच्या खाचांच्या कडांवर चकत्यांचे दात आपटून आपटून खड्डे पाडतात. बिघाड मात्र बाहेरून दोनच रूपांत दिसतो. क्लच घसरू लागला, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत ‘स्लिप’ होऊ लागला, की घाट चढताना इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी वेग घेत नाही. आणि तो धरून राहिला की लिव्हर पूर्ण ओढूनही गिअर खरखरत पडतो व सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही.

घर्षणाच्या चकत्यांसाठी त्या काळात सर्वांत जास्त भरवशाचा पदार्थ कॉर्क हा होता, आणि या इतिहासातील सर्वांत रंजक भागही तोच आहे. पोर्तुगाल व स्पेनमध्ये मुख्यत्वे वाढणाऱ्या कॉर्क ओक या वृक्षाची साल साधारण नऊ वर्षांच्या अंतराने सोलून हा पदार्थ मिळवतात. त्याच्या पेशींत हवा कोंडलेली असल्याने तो दाबला जातो आणि दाब सुटताच पूर्ववत फुलतो. शिवाय तेलात भिजल्यावरही त्याची पकड टिकते, म्हणून साखळीच्या तेलाने माखलेल्या क्लचपेटीत तो योग्य ठरला. धातूच्या चकतीला भोके पाडून त्यांत कॉर्कचे तुकडे घट्ट बसवलेले असत. ते झिजून धातूच्या पातळीला आले की जुने तुकडे काढून, नवे गरम पाण्यात मऊ करून ठोकायचे आणि मग सपाट पृष्ठभागावर घासून सर्वांची उंची एकसारखी करायची, ही दुरुस्तीची रीत होती. कॉर्कचा एक दोष मात्र मोठा होता: क्लच अर्धा दाबून गाडी रेटत राहिल्यास तो जळून काळा पडे, आणि एकदा जळालेल्या कॉर्कला पकड राहत नसे. हर्बर्ट फ्रूड यांनी १८९७ मध्ये सुरू केलेल्या फेरोडोसारख्या उद्योगांनी बनवलेले, ॲस्बेस्टॉस वापरून केलेले अस्तर उष्णता अधिक सोसत असे, त्यामुळे जड गाड्यांत कॉर्क हळूहळू मागे पडला. त्या अस्तराची धूळ फुप्फुसांना किती घातक आहे याची जाणीव दुरुस्तीच्या दुकानांपर्यंत पोहोचायला मात्र फार काळ गेला.

भारतात या सर्व पद्धती जवळजवळ एकाच दशकात येऊन स्थिरावल्या. रेडिच येथील रॉयल एनफील्ड कंपनी आणि मद्रास मोटर्स यांच्या भागीदारीतून १९५५ मध्ये एनफील्ड इंडियाची स्थापना झाली आणि सुट्या भागांतून जुळवली जाणारी बुलेट काही वर्षांत संपूर्णपणे इथेच बनू लागली. जुन्या चार-गिअरी बुलेटमध्ये गिअरपेटी इंजिनापासून वेगळी असून क्लच डाव्या बाजूच्या साखळीपेटीत, तिच्या स्वतंत्र तेलात फिरतो. त्या पेटीचे बाहेरचे झाकण मध्यभागी असलेल्या एकाच नटावर बसवलेले असते; त्यामुळे पायदान आणि ब्रेकची पट्टी सोडवून, खाली तसराळे ठेवून तो एक नट काढला की साखळी, तिचा ताण राखणारी पट्टी आणि क्लच हे सर्व एकदम उघडे पडते. दुरुस्तीच्या दृष्टीने इतकी उदार रचना नंतरच्या गाड्यांत क्वचितच आढळते, जरी याच झाकणाच्या कडेतून तेल गळण्याची तक्रार बुलेटच्या मालकांनी पिढ्यान्‌पिढ्या केली आहे.

जावाची तऱ्हा निराळी होती. रुस्तुम आणि फारुख इराणी यांच्या पुढाकाराने म्हैसूर येथे उभ्या राहिलेल्या आयडियल जावाने १९६० च्या दशकाच्या आरंभी चेकोस्लोव्हाकियाच्या परवान्याने या गाड्यांचे उत्पादन सुरू केले, आणि १९७३ पासून त्या येझदी या नावाने निघू लागल्या. किक मारण्याची आणि गिअर बदलण्याची दांडी एकच, आणि तीच दांडी गिअर पडण्यापूर्वी आतून क्लचही मोकळा करते, ही तिची चतुराई. हाताचे लिव्हर न ओढताही गिअर बदलता येत असल्याने स्वाराची सोय झाली, पण दांडीवर पाय टेकवून ठेवण्याची सवय असलेल्या स्वाराचा क्लच नकळत अर्धवट उघडा राहून कॉर्क लवकर संपे. अशा गाडीत नव्या चकत्या बसवून आतले समायोजन तसेच सोडले तर दुरुस्ती व्यर्थ ठरते. पुण्याजवळ आकुर्डीला बजाजने पियाजिओच्या परवान्याने बनवलेल्या व्हेस्पा आणि नंतरची चेतक या स्कूटरांचा कॉर्कचा क्लच इंजिनाच्या भुजादंडावरच बसलेला होता. त्याचा खाचांचा नट सोडवण्याचे हत्यार अनेक गॅरेजांत पाइपच्या तुकड्याला दात पाडून तयार केले जाई.

परवान्यांच्या त्या काळात गाडीसाठी वर्षानुवर्षे नाव नोंदवून थांबावे लागे आणि आयातीवर कडक बंधने होती, म्हणून झिजलेला भाग फेकणे ही कल्पनाच मिस्त्रीला परवडणारी नव्हती. पुण्यातील नाना पेठ किंवा मुंबईतील कुर्ला येथील सुट्या भागांच्या बाजारांनी गरजेचा मोठा वाटा उचलला, तरी खरे कौशल्य काय बदलायचे नाही हे ठरवण्यात होते. जाणता मिस्त्री गाडी उघडण्यापूर्वी वायरीची मोकळीक पाही, कारण लिव्हरपाशी दोन-तीन मिलिमीटर ढिलाई उरली नाही तर धडधाकट क्लचही घसरतो. नंतर पोलादी चकत्या काचेवर ठेवून त्यांचा वाक तपासायचा, स्प्रिंगा शेजारीशेजारी उभ्या करून आखूड झालेली ओळखायची, आणि बास्केटच्या खाचांतील खड्डे कानशीने घासून सपाट करायचे, असा क्रम असे. घासणे एका मर्यादेपर्यंतच चालते. खाच रुंद झाली की चकत्यांचे दात अधिक जोराने आपटतात आणि मग बास्केटच बदलावे लागते. स्प्रिंगांखाली वॉशर घालून दाब वाढवण्याची युक्ती सर्वत्र प्रचलित होती, परंतु तिला दुरुस्ती म्हणणे अवघड आहे, कारण तिने झीज झाकली जाते, लिव्हर जड होते आणि सळईचे टोक लवकर खाल्ले जाते.

१९८४-८५ पासून इंड-सुझुकी, हिरो होंडा आणि यामाहाच्या शंभर सीसी गाड्या आल्या आणि ही रीत मोडली. इंजिन व गिअरपेटी यांची एकत्र पेटी, कागदी तंतूंवर आधारलेले अस्तर आणि संपूर्ण संच म्हणून मिळणाऱ्या चकत्या यांमुळे काम लवकर व एकसारखे होऊ लागले, आणि ग्राहकाचे त्यात निःसंशय भले झाले. तेलाचा प्रश्नही याच काळात पुढे आला: मोटारींसाठीच्या तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये वाढत गेल्याने तेलात बुडालेला क्लच घसरू लागला, म्हणून जपानमध्ये १९९८ मध्ये मोटारसायकलींच्या तेलासाठी ‘जासो’ हे वेगळे मानक तयार झाले; डब्यावरील ‘एमए’ ही अक्षरे असे तेल क्लचला चालते हे सांगतात.

म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. जावा हे नाव २०१८ मध्ये भारतीय बाजारात परतले, परंतु नवी गाडी चार-स्ट्रोक आणि द्रवाने थंड होणाऱ्या इंजिनाची असल्याने तिचे क्लचचे भाग जुन्या दोन-स्ट्रोक गाडीला लागू पडत नाहीत, आणि जुन्या गाडीच्या मालकाला कॉर्कच्याच चकत्या शोधून, बसवण्यापूर्वी त्या तेलात भिजत ठेवाव्या लागतात.