खेळांतली आगगाडी आणि मनमाडचा धक्का

पुण्यास कोथरूड भागांत भाऊसाहेब जोशी यांनीं स्वतःच्या हौसेनें उभारलेलें छोट्या आगगाड्यांचें संग्रहालय १९९८ सालीं लोकांस खुलें झालें. मागें एका दिवाळीच्या सुटींत जालन्याहून पुण्यास जाण्याचा योग आला, तेव्हां तें आम्हीं मुद्दाम पाहिलें. इतिहास शिकविणाऱ्या प्रौढ माणसानें बालगोपाळांच्या घोळक्यांत उभें राहून खेळण्यांतल्या गाड्या पाहाव्या याचें कोणास हंसूं येईल, येवो बापडें!

एका दालनांत अख्खें शहर मांडलेलें आहे. डोंगर, पूल, सिग्नल, दिवे, सर्कशीचा तंबू. धूर सोडणारें वाफेचें इंजिन आणि त्याच्या शेजारून सुळकन् निघून जाणारी बुलेट ट्रेन. शंभर वर्षांचें अंतर तेथें हातभर जागेंत मिटलें आहे. जोशी यांच्या चिकाटीचें कौतुक करावें तेवढें थोडेंच. तथापि आमचें लक्ष सारखें रुळांकडे जात होतें.

या छंदांत जगभर सर्वाधिक रूढ असलेलें माप मूळ आकाराच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाचें असून रुळांतील अंतर साडेसोळा मिलिमीटर असतें. हें अंतर युरोपांतील ४ फूट ८॥ इंची रुळांवरून ठरलें. आपल्याकडील ५ फूट ६ इंची रूळ त्याच हिशोबानें सव्वाएकोणीस मिलिमीटरांचे व्हावयास पाहिजेत, आणि आमच्या जालन्याचे जुने मीटरगेज रूळ साडेअकरांचे! म्हणजे त्या रूढ रुळांवर चढविलेलें हिंदी इंजिन मुकाट्यानें विलायती मापाचें होतें.

ही बाब क्षुल्लक नव्हे. डलहौसीच्या अमदानींत रुंद रूळ ठरले. पुढें १८७० सालीं मेयोच्या कारकीर्दींत काटकसरीसाठीं मीटरगेज पत्करण्यांत आलें. निजामाच्या राज्यांत वाडी-सिकंदराबाद हा पहिला फांटा १८७४ सालीं रुंदच झाला होता. परंतु १८८३ सालीं विलायतेंत स्थापन झालेल्या कंपनीनें विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मनमाड ते सिकंदराबाद असा गोदावरी खोऱ्याचा जो ३९१ मैलांचा मार्ग आणला, तो मीटरगेज. भांडवलावर व्याजाची हमी निजाम सरकारची, म्हणजे अखेर रयतेची; रुळांची निवड मात्र रयतेस कोण विचारतो? १९३० सालीं सरकारनें ही रेल्वे विकत घेतली, तरी रूळ तेच राहिले.

परिणाम असा कीं, जालन्याच्या जिनांतून निघालेली कापसाची गांठ मुंबईस जावयाची तर मनमाडास एका डब्यांतून उतरवून दुसऱ्यांत चढवावी लागे. हमाली, विलंब, पावसांत भिजलेला माल, हे सारें त्या सव्वादोन फुटांच्या फरकाचें देणें. 'जालना सोनेका पालना' म्हणणारांनीं या पाळण्याची दोरी मनमाडच्या धक्क्यावर अडकलेली होती हेंही सांगावयास पाहिजे होतें. १९९० नंतरच्या दशकांत आमचा मार्ग रुंद झाला, तेव्हां कोठें ती सुटली.

कोथरूडच्या त्या सुंदर नगरींत एकही हमाल गांठ बदलतांना आम्हांस दिसला नाहीं. दिसावा अशी अपेक्षाही नाहीं. हौसेच्या जगांत खोळंबा कोण मांडील? पण जालन्याच्या एखाद्या हौशी तरुणानें उद्यां असा पट मांडलाच, तर त्यानें एका टोकास सव्वाएकोणीसचे, दुसऱ्या टोकास साडेअकराचे रूळ घालावे आणि मध्यें एक धक्का ठेवावा.

परत येतांना आमची गाडी मनमाडास थांबली. लोक चहा घेऊन पुन्हा त्याच डब्यांत येऊन बसले.