पुनर्मुद्रित नाण्यांच्या सूचीचा प्रश्न : जोगलटेंभीच्या नाणेनिधीच्या अनुषंगाने

एकदा टांकसाळीतून बाहेर पडलेल्या नाण्यावर दुसऱ्या सत्तेने पुन्हा आपली मुद्रा उमटविली म्हणजे त्या एकाच धातुखंडावर दोन राजकीय घटनांची नोंद होते. संग्रहालयाच्या सूचीत मात्र अशा नाण्यास एकच क्रमांक आणि बहुधा एकच रकाना मिळतो. नाणे मूळ राजाच्या नावे लावावे की नंतरच्या, हा प्रश्न वरवर पाहता कारकुनी स्वरूपाचा वाटतो. परंतु पश्चिम भारताच्या प्राचीन इतिहासातील एका मोठ्या वादाशी त्याचा निकटचा संबंध आहे.

प्रथम परिभाषेचा विचार केला पाहिजे. चलनातील नाण्यावर लहानशी खूण ठोकून ते ग्राह्य ठरविणे ही एक क्रिया होय. संपूर्ण नाणेच कोऱ्या चकतीप्रमाणे मानून त्याच्या दोन्ही बाजूंवर नवे ठसे उमटविणे ही दुसरी. पहिल्या प्रकारास ‘प्रतिमुद्रांकित’ व दुसऱ्यास ‘पुनर्मुद्रित’ म्हणणे सोयीचे ठरेल. हा भेद किती स्पष्ट असू शकतो याचे उत्तम उदाहरण इंग्लंडच्या इतिहासात आहे. १७९७ साली चांदीची टंचाई भासू लागताच बँक ऑफ इंग्लंडने स्पॅनिश डॉलरवर तिसऱ्या जॉर्जच्या मस्तकाची लहान अंडाकृती खूण मारून ते चलनात आणले. ही खूण चांदीच्या भांड्यांवर कर भरल्याची निशाणी म्हणून वापरात होतीच. बनावट खुणांचा सुळसुळाट झाल्यावर १८०४ साली बोल्टनच्या कारखान्यात तेच डॉलर दोन्ही बाजूंनी नव्या ठशांखाली घालण्यात आले. मूळ नाणे तेच. परंतु १७९७ चे नाणे प्रतिमुद्रांकित आणि १८०४ चे पुनर्मुद्रित. भारतीय नाण्यांविषयीच्या लेखनात हे दोन शब्द सैलपणे वापरले गेले आहेत व त्यातून बराच घोटाळा माजला आहे.

नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली सापडलेला चांदीच्या नाण्यांचा निधी या दृष्टीने अद्वितीय आहे. त्यात सुमारे १३,२५० नाणी होती. ती सर्व मुळात क्षहरात क्षत्रप नहपान याची. त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाणी गौतमीपुत्र सातकर्णीने पुन्हा मुद्रित केलेली. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी या निधीचा अभ्यास करून मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. नहपानाच्या नाण्याच्या एका बाजूस राजमुख व भोवती ग्रीक अक्षरांतील लेख असतो. दुसऱ्या बाजूस बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख असतात. गौतमीपुत्राच्या ठशांपैकी एकावर तीन कमानींचा पर्वत (यालाच पूर्वीचे अभ्यासक चैत्य म्हणत), खाली नागमोडी रेषा आणि भोवती राजाचे नाव, तर दुसऱ्यावर उज्जयिनी-चिन्ह आहे. ठसे दोन्ही बाजूंवर उमटविलेले असल्याने ही नाणी वरील अर्थाने पुनर्मुद्रितच होत. मात्र जुनी मुद्रा पुरती पुसली न गेल्यामुळे पर्वताच्या कमानीआडून नहपानाचे नाक किंवा ग्रीक लेखाची चार अक्षरे डोकावतात. वर्गीकरणाची सारी अडचण येथूनच सुरू होते.

जुनी नाणी वितळवून नवी पाडण्याऐवजी गौतमीपुत्राने ही पद्धत का स्वीकारली असावी? सातवाहनांचे चलन प्रामुख्याने शिसे, तांबे व पोटीन या धातूंचे होते; पश्चिम दख्खनमध्ये चांदीची अशी विपुल नाणी क्षत्रपांनी रूढ केली. नाशिकच्या लेण्यातील लेखानुसार नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेविले होते : २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १,००० शेकडा पाऊण व्याजाने. त्याच लेखात ७०,००० कार्षापण म्हणजे २,००० सुवर्ण, असा ३५ ला १ हा भावही नोंदलेला आहे. ज्या प्रदेशात श्रेणींच्या ठेवी, भिक्षुसंघाची दाने आणि बाजारातील देवघेव या चलनावर चालत होती, तेथे ते रद्द करणे कोणत्याही विजेत्यास परवडणारे नव्हते. वजन व धातू तसाच राखून केवळ स्वामित्व बदलणे हाच व्यवहार्य मार्ग होता. निधीतील सुमारे चार हजार नाण्यांवर गौतमीपुत्राचा ठसा मुळीच नाही, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. दोन्ही प्रकारची नाणी एकत्र साठविणाऱ्याच्या दृष्टीने त्यांच्या मोलात फारसा फरक नसावा.

आता कालगणनेचा वाद. उषवदाताच्या नाशिक येथील लेखांत ४१, ४२ व ४५ ही वर्षे आणि अमात्य अयम याच्या जुन्नर येथील लेखात ४६ हे वर्ष येते. ही वर्षे शक संवताची मानल्यास नहपानाचे शेवटचे ज्ञात वर्ष इ. स. १२४ हे ठरते. ती त्याच्या स्वतःच्या राज्यवर्षांची मानून आणि ‘पेरिप्लस’मधील भडोचच्या राजाच्या उल्लेखाशी त्यांचा मेळ घालून त्याला इ. स. च्या पहिल्या शतकात नेणारे अभ्यासकही आहेत. त्यानुसार गौतमीपुत्राचा काळ सुमारे अर्ध्या शतकाने पुढेमागे सरकतो. या वादात पुनर्मुद्रित नाण्यांचा आधार दोन्ही पक्ष घेतात. तथापि ही नाणी सिद्ध काय करतात ते नीट पाहिले पाहिजे. गौतमीपुत्राचा ठसा नहपानाच्या ठशानंतरचा आहे एवढेच ती निर्विवादपणे सांगतात. मध्ये किती काळ गेला ते एकटे नाणे सांगू शकत नाही. गौतमीपुत्राने नहपानाचा किंवा त्याच्या घराण्याचा प्रत्यक्ष पाडाव केला, या निष्कर्षास कोरीव लेखांची जोड लागते. बलश्रीच्या प्रशस्तीत खखरात वंशाचा निःशेष उच्छेद करणारा असे त्याचे वर्णन आहे, तर त्याच्या अठराव्या राज्यवर्षीच्या दानलेखात पूर्वी ऋषभदत्ताच्या भोगात असलेले २०० निवर्तनांचे शेत भिक्षूंना दिल्याचे नमूद आहे. या दोन लेखांमुळेच नाण्यांची साक्ष बळकट होते.

नाण्यांनाच मध्यंतराविषयी अधिक बोलते करावयाचे असेल तर मूळ मुद्रेकडे वळावे लागते. निधीतील राजमुखे परस्परांहून इतकी भिन्न आहेत – काही तरुण, काही वृद्ध, नाकाडोळ्यांची ठेवणही निराळी – की ही एकाच व्यक्तीची चित्रे नसून नहपानाच्या नावाने नाणी पाडणाऱ्या क्षहरात कुळातील अनेक पुरुषांची असावीत, असे स्कॉट यांना वाटले. ठसे कोरणारे कारागीर अनेक होते व त्यांच्यापुढे रोमन नाण्यांचे नमुने होते, हे स्पष्टीकरण अधिक संभाव्य दिसते. ग्रीक लेखही काही नाण्यांवर बराच शुद्ध, तर काहींवर केवळ अक्षरांचा आभास उरावा इतका भ्रष्ट आहे. ठशांच्या या घसरणीवरून नाण्यांचा क्रम लावता येणे शक्य आहे. पण पुनर्मुद्रित नाणी केवळ ‘गौतमीपुत्र : पर्वत व उज्जयिनी-चिन्ह’ या नोंदीखाली गेली, तर निधीचा दोनतृतीयांशाहून अधिक भाग या अभ्यासातून बाद होतो. गौतमीपुत्राच्या टांकसाळीत आलेली नाणी नहपानाच्या आरंभीच्या ठशांची होती, अखेरच्या की सरमिसळ, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यावरील अवशिष्ट मुद्राच देऊ शकते. राजवंशानुसार रचलेल्या सूचींचा हा मूलभूत दोष आहे. विजेत्याच्या रकान्यात पराभूताचा पुरावा बुडून जातो.

नोंद काटेकोर असेल तर दुय्यम खुणांतूनही केवढे फलित निघते हे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४० च्या सुमारास दाखवून दिले. तक्षशिलेच्या आहत नाण्यांवर मागील बाजूस ज्या बारीक खुणा आढळतात, त्यांची संख्या वाढते तसतसे नाण्याचे सरासरी वजन घटते, म्हणजे त्या खुणा चलनातील कालावधीच्या निदर्शक आहेत, असे त्यांनी संख्याशास्त्राच्या साहाय्याने मांडले. वॉल्श यांनी प्रत्येक नाण्याचे वजन व खुणा स्वतंत्रपणे नोंदविल्या होत्या म्हणूनच हे शक्य झाले.

जोगलटेंभीची नाणी आज अनेक संग्रहांत विखुरलेली आहेत. तेव्हा प्रत्येक संग्रहाच्या सूचीत अशा नाण्याची नोंद दुहेरी असावयास हवी : मूळ नाणे नहपानाच्या क्रमात, पुनर्मुद्रण गौतमीपुत्राच्या क्रमात, आणि दोहोंत परस्परनिर्देश. वजन, पर्वताचा ठसा राजमुखावर पडला आहे की बाण-वज्रावर, दोन मुद्रांमधील कोन, व अवशिष्ट लेखाची जेवढी अक्षरे दिसतात तेवढीच, तर्काने पूर्ण न करता, नमूद करावीत. छायाचित्रांची गोष्ट किरकोळ वाटली तरी तितकीच महत्त्वाची. प्रसिद्ध चित्रफलकांत नाणे बहुधा पर्वत सरळ राहील अशा रीतीने छापलेले असते. मग नहपानाचे मुख आडवे किंवा उलटे पडते आणि वाचकाच्या नजरेतून निसटते. अशा नाण्याची छायाचित्रे दोनदा छापावीत, एकदा पर्वत सरळ ठेवून व एकदा राजमुख सरळ ठेवून.