पदरातली सुकडी

बहात्तरचा दुष्काळ म्हटला की लोकांना खडी फोडणं आठवतं, नाहीतर ती अमेरिकेची लाल मिलो. आमच्या बीडकडं माझ्या वयाच्या माणसाला विचारा, तो आधी सुकडीचं नाव घेईल. भाजलेल्या पिठाची, गोडसर, भरड. दुष्काळी कामावर मिळायची. 1973 च्या मे महिन्यात राज्यभर 50 लाखांच्या आसपास माणसं अशा कामांवर होती. त्यात बाया काही कमी नव्हत्या. कितीकींचं लेकरू कडेच्या झाडाला झोळीत असायचं.

आमची आई पाझर तलावाच्या कामावर जायची. धाकटी बहीण तेव्हा अंगावर पीत होती. मुकादम ओरडायचा, "हितंच खायची, घरला न्यायची न्हाई!" आई त्याच्या देखत एक बोकणा भरायची, बाकीची पदराच्या गाठीत. सांजच्याला आम्ही तिघं भावंडं त्या गाठीची वाट बघत उंबऱ्यात बसलेलो. आईच्या अंगात बळ राहावं म्हणून दिलेली सुकडी अशी आमच्या पोटात गेली, आणि बहिणीला दूध पुरेना. आमच्याच घरचं नव्हे, साऱ्या वाडीचं तेच होतं.

पुढं 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजना निघाली. देशात 33 ठिकाणी. आपल्याकडं मेळघाटातलं धारणी आणि मुंबईतली धारावी. सहा वर्षांच्या आतलं मूल, गरोदर बाई आणि अंगावर पाजणारी आई यांना पूरक आहार. अंगणवाडीची कल्पना मात्र दिल्लीची नव्हे बरं का. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी 1945 पासून बोर्डीला शाळाच गरिबांच्या अंगणात नेली, तिथली ती.

आमच्या गावात अंगणवाडी यायला बरीच वर्षं गेली. तीन वर्षांवरच्या पोराचं सोपं. ते येतं, बसतं, ताटलीतली खिचडी खातं. आईच्या हातात मात्र पाकीट. शिरा, उपमा, आणि पुन्हा सुकडीच! पाकीट घरी गेलं की घरादाराचं झालं. सासू, दीर, थोरली पोरं. कुणालाच चव आवडली नाही तर म्हैस. सुप्रीम कोर्टानं 2004 मध्ये ठेकेदार नकोत, बचत गटांना काम द्या, असं सांगितलं. तरी 2019 मध्ये आपल्या राज्याची मोठी कंत्राटं त्याच कोर्टाला रद्द करावी लागली. भांडण सगळं पाकीट कुणी बनवायचं याचं. खातं कोण, ते कुणी पुसलं नाही.

2015 ची अमृत आहार योजना तेवढी बाईची रीत ओळखून केलेली वाटते. आदिवासी भागात गरोदर आणि बाळंत बाईला अंगणवाडीतच बसवून वाढायचं. भाकरी, भात, डाळ, भाजी, अंडं, शेंगदाण्याचा लाडू. तिथंही काही बाया डबा घेऊन येतात म्हणे. येणारच.

आमच्याकडं ते नाही, आमच्याकडं पाकीटच. आणि दिवाळीच्या आगंमागं कोयता उचलून निम्मा गाव ऊसतोडीला जातो. पोटुशी बाईसुद्धा मोळी डोक्यावर घेऊन ट्रकची फळी चढते. तिचं नाव गावच्या अंगणवाडीच्या वहीत असतं, ती असते दोन जिल्हे पलीकडं कारखान्याच्या कोपीवर. गावात येते ती पाडव्याला, तोवर लेकरू झालेलं असतं.